स्वप्नघरातील साक्ष : समलिंगी सहजीवनातील हिंसा आणि तिच्या कथनाचा प्रश्न

१

कौटुंबिक हिंसेविषयी बोलू लागताना मराठी भाषिकाच्या हाताशी एक तयार शब्दसंपत्ती असते. ‘सासुरवास’ हा तिच्यातील सर्वांत परिचित शब्द. जात्यावरच्या ओव्यांनी सासू, नणंद, भ्रतार यांच्या वागणुकीची जणू नाममालाच रचून ठेवली आहे, आणि दळणाऱ्या बाईला आपले दुःख मांडताना या नाममालेचा आधार मिळतो. दुःख तिचे एकटीचे असते, परंतु त्याचा घाट सामूहिक असतो. म्हणूनच ते ऐकणारीला ताबडतोब ओळखू येते. लोकपरंपरेने दिलेली ही ओळख हिंसा थांबवू शकली नाही हे खरे. पण जे सोसले जात आहे ती हिंसा आहे, दैव नव्हे वा मनाचा भास नव्हे, एवढी खात्री तिने सोसणारीला दिली. प्रतिबंधाच्या कोणत्याही विचाराची ही पहिली पायरी मानावी लागेल.

आता अशी कल्पना करावी की सासर नाही, नवरा नाही, विवाहही नाही. दोन स्त्रिया एका घरात स्वेच्छेने राहत आहेत आणि त्यांच्यातील एक दुसरीला भयाच्या धाकात ठेवीत आहे. या भयाला कोणती ओवी उपलब्ध आहे? ते सांगणारीला आणि ऐकणारीला दोघींनाही समजेल असा कोणता घाट परंपरेने सिद्ध केला आहे? समलिंगी सहजीवनातील हिंसेचा प्रश्न समाजशास्त्र, कायदा आणि समुपदेशन यांच्या कक्षेत येतो हे उघड आहे. परंतु तो कथनाचा, म्हणजेच साहित्यविचाराचाही प्रश्न आहे. ज्या अनुभवाला पूर्वकथा नाही, तो अनुभव घेणाऱ्याला स्वतःलाही नीट वाचता येत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याला वेळीच अटकाव करता येत नाही. हे विधान कार्मेन मारिया माचाडो या अमेरिकन लेखिकेच्या ‘इन द ड्रीम हाउस’ (२०१९) या आत्मकथनाच्या आणि विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ (१९८१) या नाटकाच्या आधारे तपासून पाहता येते.

२

माचाडो यांचे पुस्तक एका समलिंगी प्रेमसंबंधाची आणि त्यातील छळाची हकिकत आहे. लेखिका आयोवा येथे सर्जनशील लेखनाचे शिक्षण घेत असताना हा संबंध जुळतो. पुढे प्रेयसी इंडियाना राज्यातील ब्लूमिंग्टन येथे राहू लागते, आणि तेथील तिचे घर हेच शीर्षकातील स्वप्नघर. प्रेयसीला पुस्तकभर नाव दिलेले नाही. मारहाणीपेक्षा संशय, आरडाओरडा, पाठलाग, धमकी, आणि घडलेले घडलेच नाही असे ठासून सांगणे, असे या छळाचे स्वरूप आहे. यातील पुष्कळ गोष्टी कायद्याच्या दृष्टीने गुन्हा ठरत नाहीत याची लेखिकेला पूर्ण जाणीव आहे. पुराव्याचा प्रश्न त्यामुळेच पुस्तकाच्या केंद्रस्थानी येतो. अंगावर वळ नाहीत, कागद नाही, साक्षीदार नाही; मग झाले ते कशाच्या बळावर सांगावे?

या प्रश्नाला पुस्तक आपल्या आकृतिबंधातून उत्तर देते. लहानलहान प्रकरणांची ही मालिका आहे आणि प्रत्येक प्रकरणात स्वप्नघर एका वेगळ्या वाङ्मयप्रकाराच्या वा संकल्पनेच्या चौकटीत ठेवलेले आहे. कधी ते भयकथा होते, कधी परीकथा, कधी कोर्टातील पुरावा. एकच अनुभव इतक्या साच्यांत ओतून पाहणे हा वरवर पाहता उत्तर-आधुनिक खेळ वाटेल, आणि त्या दृष्टीने त्याची वाखाणणी वा हेटाळणी करणे सोपे आहे. परंतु वर उपस्थित केलेला प्रश्न लक्षात ठेवला म्हणजे या रचनेमागील निकड ध्यानात येते. स्वतःचा घाट नसलेला अनुभव इतरांचे घाट एकामागून एक उसने घेऊन पाहतो. प्रत्येकात त्याचा काही भाग मावतो, काही बाहेर सांडतो. हा सांडलेला भाग हाच पुस्तकाचा खरा विषय म्हणता येईल.

तळटीपांचा वापर या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे. स्टिथ थॉम्सन यांच्या लोककथांच्या कल्पनाबंधांच्या सूचीतील क्रमांक लेखिका आपल्या आयुष्यातील प्रसंगांना जोडत जाते. निषिद्ध खोली, निषिद्ध प्रश्न, वाचा जाणे असे कल्पनाबंध तिच्या घरातील साध्या घटनांखाली नोंदले जातात. थॉम्सन यांनी आपले अध्यापनाचे आयुष्य ज्या इंडियाना विद्यापीठात घालविले ते ब्लूमिंग्टन येथेच आहे. जगभरच्या लोककथांतील छळाचे नमुने ज्या गावात वर्गीकृत झाले, त्याच गावातील एका घरात वर्गीकरणाबाहेरचा छळ घडावा, हा योगायोग या तळटीपांना एक वेगळीच धार देतो. सूची प्रचंड आहे. तरीही या दोघींची गोष्ट तिच्यात तुकड्यातुकड्यांनीच सापडते.

निवेदनाच्या पुरुषाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. छळ सोसणारी पूर्वीची स्त्री ‘तू’ आहे आणि लिहिणारी आजची स्त्री ‘मी’ आहे. द्वितीयपुरुषी निवेदनामुळे वाचक ‘तू’च्या जागी खेचला जातो. याचे सर्वांत परिणामकारक उदाहरण म्हणजे वाचकाने स्वतः पर्याय निवडून पुढे जायचे अशा बालपुस्तकांच्या धर्तीवर रचलेले प्रकरण. सकाळी उठल्यावर माफी मागायची, गप्प राहायचे की प्रतिकार करायचा असे पर्याय समोर येतात, परंतु कोणताही निवडला तरी वाट फिरून त्याच सकाळी येऊन पोहोचते. दिलेल्या पर्यायांतून जिथे जाताच येत नाही अशा पानावर वाचक नुसती पाने उलटून आलाच, तर त्याला दटावले जाते. ‘ती सोडून का गेली नाही’ या प्रश्नाला समुपदेशकांनी दिलेली उत्तरे अनेक आहेत; येथे मात्र तो प्रश्नच वाचकाच्या हातून गळून पडतो.

३

पुस्तकाच्या आरंभीच माचाडो दप्तरखान्याच्या कल्पनेकडे वळतात. ‘अर्काइव्ह’ या शब्दाचे मूळ राज्यकर्त्याच्या निवासाचा निर्देश करणाऱ्या ग्रीक शब्दात आहे, ही झाक देरिदांनी दाखविलेली व्युत्पत्ती त्यांना मोलाची वाटते. आणि गुलामगिरीच्या नोंदींतील मौनाविषयी सईदिया हार्टमन यांनी केलेल्या चिंतनाचा त्या आधार घेतात. मराठी वाचकाच्या मनात ‘दप्तर’ हा शब्द पेशवे दप्तरामुळे राज्यसत्तेशी जोडलेला आहेच. त्यामुळे काय जपले जावे हे घरमालक ठरवितो, हा मुद्दा त्याला परका वाटू नये. समलिंगी स्त्रियांच्या बाबतीत हा दप्तरखाना दुहेरी मौनाने ग्रस्त आहे. बाहेरच्या जगाने त्यांच्या प्रेमाची नोंद केली नाही, म्हणून त्या प्रेमातील हिंसेची नोंद होण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. आणि जेव्हा या समूहांना स्वतःची नोंद स्वतः करता येऊ लागली, तेव्हा आधीच कलंकित मानल्या गेलेल्या प्रेमाचे काळे पान उघडे करण्यास ते कचरले.

हा संकोच समजण्यासारखा आहे. अमेरिकेत १९७० नंतर उभ्या राहिलेल्या स्त्रीमुक्ती चळवळीतील एका प्रवाहाने स्त्रियांच्या परस्परप्रेमाकडे पितृसत्तेबाहेरचा प्रदेश म्हणून पाहिले. पुरुष नाही म्हणून सत्ता नाही, आणि सत्ता नाही म्हणून हिंसा नाही, अशी ही सरळ मांडणी होती. केरी लोबेल यांनी संपादित केलेला ‘नेमिंग द व्हायोलन्स’ हा स्त्री-समलिंगी संबंधांतील मारहाणीविषयीचा लेखसंग्रह १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला तो या मांडणीला छेद देऊनच. त्याचे शीर्षकच हिंसेला नाव देण्याविषयी असावे, हे येथील विवेचनाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. मिनेसोटातील डलूथ येथे १९८४ मध्ये सिद्ध झालेल्या ‘सत्ता आणि नियंत्रण’ यांच्या सुप्रसिद्ध चक्राकृतीतही पुरुषी विशेषाधिकार हा एक आरा आहे. दोन स्त्रियांच्या संबंधात हा आरा जसाच्या तसा बसत नाही. त्याच्या जागी दुसरेच काही येते. जोडीदाराची लैंगिकता घरी, नोकरीच्या ठिकाणी वा घरमालकापाशी उघड करण्याची धमकी हे त्यांतील ठळक साधन. समाजाने निर्माण केलेले भय येथे जोडीदाराच्या हातातील शस्त्र होते. म्हणजे पितृसत्ता घराबाहेर राहिलेली नसते. तिचा वापर करणारा हात मात्र बदललेला असतो. सत्ता ही लिंगाला चिकटलेली वस्तू नसून संबंधातील स्थान आहे, या सिद्धान्ताची ही कसोटी म्हणता येईल. त्यामुळे स्त्रीवादी विश्लेषण कोसळत नाही, ते अधिक सूक्ष्म करावे लागते.

समूहाच्या प्रतिमेसाठी व्यक्तीने गप्प राहावे ही अपेक्षा मराठी साहित्यालाही अपरिचित नाही. मलिका अमरशेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ (१९८४) हे आत्मकथन एका परिवर्तनवादी चळवळीच्या अग्रणी कवीशी झालेल्या विवाहातील हिंसेची नोंद करते. बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ (१९८६) जातीच्या जाचाबरोबरच घरातील पुरुषांच्या जाचाविषयीही बोलते. बाहेरून होणाऱ्या अन्यायाशी झुंजणाऱ्या समूहातील स्त्री जेव्हा आतल्या अन्यायाविषयी बोलते, तेव्हा ती शत्रूच्या हाती कोलीत देते असा आक्षेप घेतला जातो. अशा आक्षेपाला या लेखिकांनी दिलेले उत्तर त्यांच्या लेखनाच्या अस्तित्वातच आहे. माचाडो यांनी समलिंगी खलपात्रांविषयी केलेले विवेचन याच दिशेने जाते. पीडित समूहातील माणूस नेहमी निर्दोष दाखविला जावा हा आग्रह त्याला पूर्ण माणूस म्हणून नाकारण्याचाच एक प्रकार आहे, कारण दुष्ट असण्याची शक्यता हाही माणूसपणाचा भाग आहे. ही भूमिका साहित्यमूल्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहेच. प्रतिबंधाच्या दृष्टीने ती अपरिहार्य आहे. जेथे कोणी खल असूच शकत नाही, तेथे कोणी पीडितही असू शकत नाही.

‘गॅसलाइट’ या शब्दाचा इतिहास येथे उपयुक्त ठरतो. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ मधील नाटकावरून जॉर्ज क्यूकर यांनी १९४४ मध्ये चित्रपट काढला. घरातील दिवे मंद होतात हे पत्नीला दिसते आणि तो तिचाच भास आहे असे पती तिला पटवीत राहतो. एका नाट्यकृतीतील प्रसंगाने जगभरच्या मानसोपचारकांना आणि पीडितांना एक क्रियापद दिले. कथनाने हिंसेला नाव पुरविल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. परंतु माचाडो यांना हे नाव पुरुषाने स्त्रीवर केलेल्या छळातून उसने घ्यावे लागते, ही त्या उदाहरणाची दुसरी बाजू.

४

हिंसेचे अस्तित्व आता आकडेवारीनेही नाकारता येत नाही. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०१० मध्ये केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, जोडीदाराकडून बलात्कार, शारीरिक हिंसा वा पाठलाग आयुष्यात कधीतरी सोसल्याचे सांगणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण भिन्नलिंगी स्त्रियांत ३५ टक्के, समलिंगी स्त्रियांत ४३.८ टक्के आणि उभयलिंगी आकर्षण असलेल्या स्त्रियांत ६१.१ टक्के आढळले. हे आकडे वाचताना सावधगिरी हवी. हिंसा करणारा जोडीदार स्त्रीच होता असे त्यांतून सिद्ध होत नाही. उभयलिंगी स्त्रियांच्या बाबतीत तो बहुतांशी पुरुषच होता. तात्पर्य एवढेच की लैंगिक अल्पसंख्यत्व हे हिंसेपासून संरक्षण देणारे कवच नाही.

भारतातील कायद्याची भाषा या संदर्भात एखाद्या साहित्यकृतीइतकीच बारकाईने वाचण्याजोगी आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ मध्ये ‘प्रतिवादी’ची व्याख्या ‘प्रौढ पुरुष’ अशी होती. हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये हिरल हरसोरा खटल्यात रद्द केले आणि स्त्रीही प्रतिवादी होऊ शकते असे ठरले. परंतु २०१३ च्या इंद्रा सर्मा खटल्यात त्याच न्यायालयाने समलिंगी जोडप्याचे नाते या अधिनियमातील ‘विवाहसदृश संबंध’ ठरत नाही असे म्हटले होते. २०१८ मध्ये कलम ३७७ च्या कचाट्यातून प्रौढांचे संमतीचे संबंध मुक्त झाले. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास न्यायालयाने नकार दिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३७७ ची जागा घेणारे कलमच नाही. परिणामी प्रौढ पुरुषावर पुरुषाने केलेल्या लैंगिक बळजबरीसाठी स्वतंत्र तरतूद उरलेली नाही. थोडक्यात, व्यक्तीला स्वातंत्र्य मिळाले, पण नात्याला नाव मिळाले नाही. आणि जे नाते कायद्याच्या भाषेत अस्तित्वातच नाही, त्यातील हिंसेला ‘कौटुंबिक’ हे विशेषण लागू शकत नाही.

यात भारतीय परिस्थितीची एक गाठ आहे. येथे अनेक समलिंगी स्त्रियांच्या वाट्याला येणारी पहिली हिंसा जोडीदाराची नसून माहेरची असते. डांबून ठेवणे, सक्तीने लग्न लावणे, पोलिसांकरवी परत आणणे हे तिचे प्रकार. ओवीतील सासुरवाशिणीला माहेर हा विसावा असतो. या स्त्रीला माहेर हेच पहिले बंदिघर असते. अशा घरातून पळून ती ज्या जोडीदाराकडे आली, तिच्याकडूनच छळ सुरू झाला तर परतीची वाट कोणती? मित्रपरिवार दोघींचा एकच असतो. नाते सोडणे म्हणजे पुष्कळदा तो समूहच सोडणे ठरते. आश्रयगृहाची रचना पुरुषाला दाराबाहेर ठेवण्यावर बेतलेली असते. छळ करणारी स्त्री त्याच दारातून स्वतःला पीडित म्हणवून आत येऊ शकते. प्रतिबंधाचे मार्ग या वास्तवातूनच शोधावे लागतात. आश्रयगृहात प्रवेश देताना लिंगापेक्षा नियंत्रण कोण कोणावर गाजवितो याची विचारपूस होणे, लैंगिकता उघड करण्याची धमकी ही हिंसा म्हणून नोंदली जाणे, समूहाच्या स्वतःच्या संस्थांनी या विषयावर बंद दाराआड न बोलता बोलणे, आणि नात्याची व्याख्या विवाहाच्या साच्यातून सोडवून सहवासावर आधारणे, हे त्यांतील काही मार्ग. यांतील प्रत्येकाला हिंसा ओळखणारा डोळा आधी लागतो.

५

हा डोळा कोणाचा? माचाडो यांच्या पुस्तकाची मर्यादा या प्रश्नापाशी जाणवते. त्यांचे द्वितीयपुरुषी निवेदन वाचकाला पीडितेच्या जागी बसविते. त्या घरी येऊन गेलेल्या, संशय येऊनही गप्प बसलेल्या माणसाच्या जागी मात्र क्वचितच. नेमकी हीच जागा तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये नाटकाच्या केंद्रस्थानी आहे. मित्रा ही महाविद्यालयीन तरुणी नाटकात पुरुषाची भूमिका करताना नायिका झालेल्या नमाच्या प्रेमात पडते; मन्या दळवी हा तरुणही नमावर हक्क सांगतो; आणि ही सारी हकिकत सांगतो तो मित्राचा मित्र बापू. शीर्षकात श्लेष आहे. ही मित्रा नावाच्या स्त्रीची गोष्ट आहे, तशीच ती एका मित्राचीही गोष्ट आहे.

या नाटकाकडे समाजाने चिरडलेल्या एका समलिंगी स्त्रीची शोकान्तिका म्हणून पाहण्याचा प्रघात आहे, आणि तो चुकीचा नाही. मित्राचा अंत आत्महत्येत होतो आणि त्यास जबाबदार असणारी सामाजिक क्रूरता नाटकात पुरेशी स्पष्ट आहे. परंतु या वाचनात नमा निसटते. मित्राच्या प्रेमात मालकीचा जो दुराग्रह आहे, नमा आपलीच राहावी यासाठी तिचा जो आकांत चालतो, त्याच्या दुसऱ्या टोकाला एक घाबरलेली मुलगी आहे. दळवीचा दाब वाचकाला दाब म्हणून लगेच कळतो, कारण तो पुरुषाचा आहे आणि त्यासाठी कथा तयार आहे. मित्राचा दाब उत्कट प्रेम म्हणून वाचला जातो, कारण मित्रा स्वतः पीडित आहे. एकच व्यक्ती एका नात्यात बळी आणि दुसऱ्या नात्यात जुलमी असू शकते, ही गोष्ट नाटकाच्या संहितेत आहे. समीक्षेच्या नजरेतून ती सुटते. तिचा उच्चार केल्याने मित्राविषयीची सहानुभूती कमी होण्याचे कारण नाही. उलट, तिला समाजाने एकाकी केले नसते तर तिच्या प्रेमाला मालकीचे रूप आले असते काय, हा अधिक कठीण प्रश्न त्यातून पुढे येतो.

बापूचे स्थान येथे निर्णायक आहे. तो सहृदय आहे, मित्राचे गुपित सांभाळतो, दोघींच्या भेटीसाठी खोली मिळवून देतो. त्याची निष्ठा मित्राशी आहे. त्यामुळे नमाला काय वाटते हे विचारण्याची त्याला गरज वाटत नाही. स्वतः हिंसा न करता तिच्यासाठी जागा उपलब्ध करून देणाऱ्या भल्या माणसाचे हे चित्र आहे. समूहांतर्गत हिंसेचा प्रतिबंध पुष्कळदा याच माणसावर अवलंबून असतो, कारण पोलीस, न्यायालय आणि माहेर ही तिन्ही दारे बंद असताना चौथे दार मित्राचे असते. माचाडो यांनी बंद घरातली साक्ष दिली आहे. तेंडुलकरांनी त्या घराची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस दाखविला आहे. दोन्ही कृतींत एक आवाज मात्र मिळत नाही : माचाडो यांच्या पुस्तकात तो छळ करणारीचा, तेंडुलकरांच्या नाटकात तो नमाचा. पहिल्या मौनामागे आत्मकथनाचा स्वधर्म आहे आणि त्याविषयी तक्रार करता येणार नाही. दुसऱ्याचे कारण निवेदकाच्या दृष्टिकोनात आहे, म्हणून ते तपासण्याजोगे ठरते.

६

साहित्य हिंसा थांबविते असा दावा करणे भाबडेपणाचे होईल. ओव्यांनी सासुरवास संपविला नाही; माचाडो यांच्या पुस्तकानेही कोणते घर सुरक्षित झाले हे मोजता येणार नाही. परंतु ज्या अनुभवाला कायद्यात नाव नाही, दप्तरात नोंद नाही आणि लोकपरंपरेत घाट नाही, त्याला पहिली ओळख कथनच देऊ शकते. ती ओळख दोन प्रकारची असावी लागते : सोसणारीला स्वतःची, आणि शेजारच्याला तिची. मराठीत अशा सहजीवनाविषयीचे लेखन अद्याप बरेचसे स्वीकाराच्या मागणीत गुंतलेले आहे, आणि ती मागणी पुरी झालेली नसताना ते स्वाभाविकही आहे. पण स्वीकाराची वाट पाहत असतानाही घराचे दार बंद होते, आणि आत कोणीतरी गप्प बसते. नमाच्या बाजूने सांगितलेली गोष्ट मराठीत लिहिली जाईल तेव्हा ती मित्राच्या विरुद्ध असण्याचे कारण नाही. बापूने न विचारलेला प्रश्न विचारण्याचे धैर्य तेवढे तिच्यापाशी असावे लागेल.